पांढऱ्या थराचा मालक

सकाळी साडेदहा वाजता, चाळीस डबे भरून दाराशी ओळीनं मांडलेले असताना, खानावळीसमोरच्या चेंबरचं झाकण आधी थोडं हललं, मग एका बाजूला कललं आणि आतून करडं, फेसाळ पाणी बाहेर आलं. पाण्याला अजिबात घाई नव्हती. त्यानं पायरी ओलांडली, पायपुसणं भिजवलं आणि पहिल्या डब्याला टेकून उभं राहिलं.

"सूनबाई, डबे," काकू म्हणाल्या.

सासू-सुनांनी मिळून चाळीस डबे ओट्यावर, खिडकीत, शिलाई मशीनवर, जिथं जागा दिसेल तिथं चढवले. एवढ्यात वरून आवाज आला.

"महिन्यात दुसऱ्यांदा."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सेक्रेटरी उभे होते. इमारत तशी लहान. तळमजल्यावर काकूंची खानावळ आणि तिच्यामागे दोन खोल्यांत काकूंचं घर, पहिल्या मजल्यावर वकीलीणबाई, दुसऱ्यावर सेक्रेटरी. तीन बिऱ्हाडांच्या इमारतीला सेक्रेटरी कशाला हवा, असं कोणी विचारत नसे, कारण विचारलं तर ते लेखी उत्तर देत.

"माझं वैयक्तिक मत काही नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण तेलकट गटार म्हटलं की माणसाला खानावळच आठवणार."

"वैयक्तिक मत नसेल तर खाली या आणि एक बादली धरा."

"मला गुडघा आहे."

"मला दोन आहेत," काकू म्हणाल्या आणि खराटा घेऊन पाण्यात उतरल्या.

दुपारी नगरपालिकेच्या निरीक्षकबाई आल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चेंबर पाहिलं, चपला जपल्या आणि बारीक अक्षरात नोटीस लिहिली: हे चेंबर आणखी एकदा जरी वाहिलं, तरी खानावळीला कुलूप. नोटीस दारावर चिकटवून त्यांनी तिचे चारही कोपरे अंगठ्यानं नीट दाबले. टिकाऊ काम करायची त्यांना सवय असावी.

काकूंना झोंबलं ते वेगळंच. बावीस वर्षं खानावळ चालवली, पण तेलकट भांडं त्यांनी कधी नळाखाली जाऊ दिलं नव्हतं. कढई आधी निथळायची. मग जुन्या वर्तमानपत्रानं पुसायची. कागद कचऱ्यात आणि निथळलेलं तळणीचं वनस्पती तूप पत्र्याच्या डब्यात. संध्याकाळी मास्तर, म्हणजे काकूंचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक, तो डबा घेऊन कोपऱ्यावरच्या साबणवाल्याकडे जात. साबणवाला त्या तुपाचा कपडे धुवायचा साबण करी. डबा परत येई तो आरशासारखा लख्ख. काकू आल्यागेल्याला तो डबा दाखवत आणि म्हणत, "पुरुषाच्या हातचं काम आहे, खरं वाटतं का?"

अशा बाईच्या दारावर नोटीस.

दुसऱ्या दिवशी चेंबर मोकळं करायला पाताळदादा आला. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच लागत असेल. जमिनीखाली कुठली नळी कुठून कुठं जाते ते त्याला तोंडपाठ होतं, म्हणून सगळे त्याला पाताळदादा म्हणत. चेंबरच्या काठावर उभं राहून त्यानं लांब सळई आत सरकवली, टोकाचा आकडा फिरवला आणि पावाएवढा एक पांढरट गोळा बाहेर ओढून फरशीवर टाकला. टणक होता. फरशीवर पडला तेव्हा ठप्प असा आवाज आला.

"हे काय?" सुनेनं नाकाला पदर लावून विचारलं.

"तूप, वहिनी. पेन्शनीत निघालेलं." पाताळदादानं सळई भिंतीला टेकवली. शिकवायला मिळालं की त्याला बरं वाटे. "बघा, कढईत असतं तेव्हा हे पाण्यासारखं. मोरीत ओतलं, वरून गरम पाणी सोडलं, की भराभर जातं. जातं म्हणजे काय, तुमच्या डोळ्यांसमोरून जातं. पुढं पाईप जमिनीत, तिथं बारा महिने गारवा. दहा पावलं गेलं की तूप म्हणतं, दमलो बुवा, बसू या जरा. आज कागदाएवढा थर बसतो. उद्या त्यावर दुसरा. त्यात भांड्यांचा साबण कालवला की झाला दगड. शेवटी मनगटाएवढ्या पाईपात करंगळीएवढं भोक राहतं. मग वरच्यांनी नळ सोडला की पाणी येणार कुठून? तुमच्या दारातून. कारण तुम्ही सगळ्यात खाली."

"पण आमच्या घरातून थेंब जात नाही," काकू म्हणाल्या.

"जात नसेल. पण तिन्ही स्वयंपाकघरांचं पाणी याच पाईपात येतं, आणि तुपावर काही नाव लिहिलेलं नसतं काकू. रंग सगळ्यांचा एकच."

काकू त्या गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. दुपारभर बटाटे सोलताना एक शब्द बोलल्या नाहीत. काकू गप्प बसल्या की सून सावध होत असे.

"सूनबाई," चारच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "लाल मिरची तुपात परतून गाळली, तर तूप कसं होतं?"

"लाल."

"आणि पालक वाटून, त्याचं पाणी आटेपर्यंत तुपात परतला तर?"

"हिरवं. आई, काय चाललंय?"

"काही नाही गं. शेजाऱ्यांना काहीतरी द्यावं म्हणते. इतकी वर्षं आपल्या तळणीचा नुसता वास घेतायत बिचारे."

सुनेच्या हातातला बटाटा तिथंच राहिला. "म्हणजे आपल्याच दारातलं गटार तुंबवायला आपणच तूप वाटायचं?"

"तुंबायच्या आत उघडायचं."

"आणि आधीच तुंबलं तर?"

"तर तू माहेरी जा, आणि जाताना मलाही घेऊन जा."

दोन बरण्या तयार झाल्या. लहान कांदे सोनेरी होईपर्यंत भाजून, दाबून भरलेले, आणि ते टिकावेत म्हणून वर चार बोटं घट्ट तूप. एका बरणीत लाल, एका बरणीत हिरवं. सुनेचा एकच आग्रह होता, की बरणी देताना उरलेल्या तुपाबद्दल स्पष्ट सांगायचं. शेजाऱ्यांना खड्ड्यात ढकलायचं नाही. ते आपल्या पायांनी गेले तर गोष्ट वेगळी. काकूंना ते पटलं.

"कांदे खा, पण उरलेलं तूप मोरीत ओतू नका हं," लाल बरणी देताना काकू म्हणाल्या.

वकीलीणबाईंच्या एका कानाला फोन होता. त्यांनी दुसरा कान काकूंना दिला. "मी? आणि मोरीत? काकू, कायदा माझ्या घरात भाडं न देता राहतो."

सेक्रेटरींनी हिरवी बरणी उजेडात धरून फिरवली. "रंग असा का?"

"पालकाचं तूप आहे. गुडघ्याला बरं. पण उरलं तर मोरीत नाही ओतायचं."

"ते मला सांगता?"

जिना उतरताना सून हळूच म्हणाली, "पालक गुडघ्याला बरा कधीपासून?"

"आजपासून."

तिसऱ्या दिवशी लाल बरणी परत आली. कांदे अप्रतिम होते, वकीलीणबाई म्हणाल्या, आणि बरणी बघा कशी चकचकीत केलीय, अगदी उकळत्या पाण्यानं. पाचव्या दिवशी हिरवी बरणी आली, सोबत लेखी आभार. काकूंनी दोन्ही बरण्या पुन्हा भरल्या. मग तिसऱ्यांदा भरल्या. सेक्रेटरी आता जिन्यातून येताजाता स्वतःहून विचारू लागले, "काकू, गुडघ्याचं औषध झालं का तयार?" आणि खरोखरच जरा भरभर जिना उतरू लागले, ही गोष्ट सुनेनं सासूला मुद्दाम सांगितली नाही.

पंधराव्या दिवशी, भांडी घासताना, खानावळीच्या मोरीनं एक ढेकर दिली. डुबुक.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं पुन्हा, डुबुक.

"आई, आज," सून म्हणाली.

काकूंनी पदर खोचला, वर जाऊन दोन्ही मजल्यांना सांगितलं, की चार वाजेपर्यंत नळ सोडलात तर कांदे बंद. आणि तशाच नगरपालिकेत गेल्या. आपल्याविरुद्धची नोटीस हातात घेऊन, "चला, माझं चेंबर तपासा," असं म्हणणारी बाई निरीक्षकबाईंनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिली असावी. त्या मुकाट्यानं आल्या. पाताळदादाही आला. चार वाजता झाकण उघडलं तेव्हा पाणी काठापासून वीतभर खाली होतं. वकीलीणबाई आणि सेक्रेटरी खाली येऊन उभे राहिले. मास्तरही हातातलं पुस्तक मिटून दारात आले.

पाताळदादानं सळई घातली, आकडा फिरवला आणि दम खाऊन ओढलं. या वेळचा गोळा मोठा होता. त्यानं तो फावड्याच्या धारेनं मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे उताणे ठेवले.

"अरे वा," तो म्हणाला. "हे कलाकुसरीचं काम आहे."

कापलेल्या भागावर एकावर एक थर दिसत होते. लाल. हिरवा. पुन्हा लाल.

काकूंनी घसा साफ केला. पंधरा दिवस मनात घोळवलेलं भाषण होतं ते, वाया कसं जाऊ देतील? "निरीक्षकबाई, या लालचं नाव सांगते. लाल मिरचीचं तूप, तीन बरण्या, पहिला मजला. हिरवं, पालकाचं, दुसरा मजला. दोघांनाही बजावून दिलं होतं. दोघांच्या बरण्या घासून परत आल्या. तेलकट गटार म्हटलं की कोण आठवतं, सेक्रेटरीसाहेब? लेखी सांगितलंत तरी चालेल."

सेक्रेटरी आपल्या गुडघ्याकडे बघू लागले.

वकीलीणबाई मात्र मुरलेल्या. त्यांनी चष्मा लावला आणि गोळ्यापाशी वाकल्या. "लाल माझं. मान्य. चुकलं माझं, काकू. पण एकच प्रश्न विचारू का? लाल आणि हिरव्याच्या मध्ये हे पांढरं आहे. आणि ते दोघांपेक्षा जाड आहे. हे कोणाचं?"

खरंच होतं ते. प्रत्येक रंगाखाली पांढरा थर होता, बोटभर जाड. काकूंचं भाषण तिथंच अडलं. त्यांनी वाकून पाहिलं.

निरीक्षकबाईंनी पेन काढलं होतं. "साबणाचाही असा पांढरा थर बसतो कधीकधी," त्या म्हणाल्या. "भांडी तर सगळेच घासतात. साबण असं लिहू?"

सुनेनं मान जोरात हलवली, हो, हो. एक शब्द, आणि खानावळ वाचत होती. पण काकूंच्या लक्षात एक गोष्ट आली. समोर तूप, उष्णता, थर, सगळं विज्ञान उघडं पडलेलं, चार माणसं ऐकायला उभी, आणि मास्तर दहा मिनिटं झाली तरी काही समजावून सांगत नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं.

"थांबा, लिहू नका," काकू म्हणाल्या. "अहो. तुपाचा डबा कुठं रिकामा करता तुम्ही?"

मास्तरांनी पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. "मागच्या मोरीत."

सुनेनं कपाळावर हात मारला.

"पण उकळत्या पाण्यानं," ते घाईघाईनं म्हणाले. "तूप चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. मी पाणी शंभर अंशांचं घेतो. म्हणजे वर साठ अंश शिल्लक ठेवलेत."

"मास्तर," पाताळदादानं आदरानं विचारलं, "आणि पाईप किती अंशांचा असतो?"

मास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मधेच सोडून दिलं.

"हा प्रश्न पेपरात नव्हता वाटतं," वकीलीणबाई म्हणाल्या.

"साबणवाला कोपऱ्यावर आहे," काकूंचा आवाज अगदी शांत होता, आणि मास्तर त्याच आवाजाला घाबरत. "शंभर पावलं. तुम्हाला शंभर पावलं जड झाली?"

"म्हातारा दुकानात बसायचा तोवर नेतच होतो गं. आठ महिन्यांपूर्वी त्याचा मुलगा बसायला लागला." मास्तर थांबले. "त्याला मी आठवीत विज्ञानात नापास केलं होतं. दोनदा. पहिल्या दिवशी गेलो तर दुकानात चार गिऱ्हाइकं. मोठ्यानं म्हणाला, 'या सर, बघू काय आणलंत.' मी म्हटलं, काही नाही, सहज आलो होतो. आणि डबा पाठीमागे धरून परत आलो."

सुनेला हसू आवरेना. तिनं ते खोकल्यात घातलं.

काकू निरीक्षकबाईंकडे वळल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मान ताठ होती. "पांढरं आमचं. साबण-बिबण काही लिहू नका. मी लोकांच्या बरण्या मोजत बसले आणि माझ्याच घरातला डबा इतका चकचकीत कसा येतो ते विचारलं नाही. कुलूप लावायचं तर लावा. पण लिहिताना तिन्ही रंग लिहा."

निरीक्षकबाईंनी चेंबरकडे पाहिलं, मग दारात धुऊन उपड्या घातलेल्या चाळीस डब्यांकडे. त्यांनी बराच वेळ बारीक अक्षरात लिहिलं आणि मग वाचून दाखवलं. चेंबर तिसऱ्यांदा वाहिलेलं नाही, त्याआधीच कळवलं, म्हणून आज कुलूप नाही. महिन्याच्या आत मोरीखाली तूप अडवणारी टाकी बसवायची. तोवर रोज तिन्ही घरांचं तूप साबणवाल्याकडे जमा करायचं आणि त्याच्या सहीची चिठ्ठी संध्याकाळी सहाच्या आत कार्यालयात आली पाहिजे. एक दिवस जरी चिठ्ठी चुकली, तर दुसऱ्या दिवशी कुलूप.

"हे लेखी मिळेल का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"लेखीच आहे," बाई म्हणाल्या. "डबे कोण नेणार?"

वकीलीणबाईंना कोर्ट होतं. सेक्रेटरींना गुडघा होता, आणि पालक बंद होणार म्हटल्यावर तो पुन्हा दुखू लागला होता. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मास्तर तीन डबे घेऊन साबणवाल्याच्या दुकानात शिरले. सून स्कूटर घेऊन दाराबाहेर, सगळं ऐकू येईल अशी थांबली होती. आज गिऱ्हाइकं सहा होती.

"या सर, बघू काय आणलंत," साबणवाला म्हणाला. आता तो चांगला तिशीतला, मिशीवाला गृहस्थ होता. त्यानं तिन्ही डबे एका पातेल्यात ओतले, पळी तळापर्यंत घातली आणि वर काढली. "यात पाणी आहे, सर."

पाणी सेक्रेटरींचं होतं. त्यांनी स्वच्छतेच्या भरात डबा विसळून ते विसळलेलं पाणीही आतच ओतलं होतं.

"पाणी असलेलं मी घेत नाही. साबणाचा घाणा बिघडतो."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं. घरी चाळीस डबे होते, आणि ते डबे चालवणारी बाई होती.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात फारच कमी वेळा विचारला असेल.

साबणवाल्यानं पातेलं मंद शेगडीवर ठेवलं आणि मास्तरांना एक स्टूल दिलं. तूप वितळलं तसं त्यानं पातेलं खाली घेतलं. "आता हलवायचं नाही. वर काय आलं, सर?"

"तूप."

"आणि खाली?"

"पाणी."

"का?"

"हलकं असतं म्हणून."

"पूर्ण वाक्यात सांगा."

एक गिऱ्हाईक हसलं. मास्तरांचे कान लाल झाले. मग त्यांनी पाठ सरळ केली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "तूप पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते पाण्यावर तरंगतं."

"बरोबर." साबणवाल्यानं वरचं तूप हळूच दुसऱ्या भांड्यात ओतलं. पाण्यापर्यंत आल्यावर त्यानं पातेलं थांबवलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. "शेवटचं तुम्ही ओता. सावकाश. घाई केलीत की मिसळतं."

मास्तरांनी ओतलं. तीन वेळा थांबले, पण मिसळलं नाही. साडेपाच वाजून गेले होते. साबणवाल्यानं चिठ्ठी लिहिली, सही केली, थोडा विचार करून आणखी काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि उद्याचा धडा नेमून दिला. मास्तर बाहेर आले, चिठ्ठी सुनेच्या हातात दिली आणि फक्त म्हणाले, "पळव."

सहाला पाच मिनिटं कमी असताना सून कार्यालयाचा जिना चढली. निरीक्षकबाई टेबल आवरत होत्या. त्यांनी चिठ्ठी उघडली. तीन घरांचं तूप मिळालं, असं लिहिलं होतं आणि खाली सही. सहीखाली एक ओळ होती: 'विद्यार्थी हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसतं. सुधारणा दिसते.'

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग शिक्का उचलला आणि त्या ओळीला धक्का न लावता, बाजूच्या कोऱ्या जागेवर मारला.

"उद्याही मास्तरच जाणार का?"

"तेच जाणार," सून म्हणाली. "आता घरी जाऊन अभ्यासाला बसले असतील. उद्या साबणवाला विचारणार आहे, त्याच तुपाचा साबण कसा होतो ते."